दोन्ही नावं एकाच बाईची

हौगांग, सिंगापूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०१४

प्रिय सुलेखा,

तुला या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नसेल. काकू आधीच गेल्या, गेल्या वर्षी काकाही गेले, आणि दिलीप तर पहिल्यापासून ताईच म्हणत आलाय. रेडिंगच्या मराठी मंडळाच्या फोटोंखाली मीनल असतं, दिवाळीच्या शुभेच्छांखाली तू स्वतःही मीनल-निशिकांत असंच लिहितेस. माझ्या तोंडी मात्र ते नाव इतक्या वर्षांत बसलं नाही. मघाशी जाई टेबलाशी डोकावून गेली. म्हणाली, "लेटर? सिरियसली? व्हॉट्सअ‍ॅप कर लाह." पंधरा वर्षांची झाली आहे, मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र असं इथल्या इंग्रजीत येतं. मी तिला म्हटलं, बाबांबरोबर सेरंगूनला जा, शाळेचे बूट घेऊन ये, मला थोडा वेळ एकटीला बसू दे. शैलेंद्रनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किल्ल्या घेऊन निघाला. तेव्हा आता घरात मी, वर फिरणारा पंखा आणि खाली पटांगणात चाललेलं कुणाच्या तरी लग्नाचं मलाय गाणं, एवढंच आहे.

आमचं बरं चाललंय. शैलेंद्रची बँक दर सहा महिन्यांनी माणसं कमी करते आणि दर वेळी तो वाचतो. आता वाचल्याचा आनंद होत नाही, नुसता थकवा येतो. माझा गुडघा दुखतो. आम्ही पी.आर., म्हणजे इथला कायमचा रहिवास, घेतल्याला बरीच वर्षं झाली, फ्लॅटही आपला आहे, त्यामुळे उद्या माझी नोकरी गेली तरी कुणी देशाबाहेर काढणार नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नोकरी जातेच आहे. इथल्या संसदेनं गेल्या महिन्यात ऑनलाइन जुगाराविरुद्ध कायदा केला. आमचं ऑफिस वर्षाअखेर मनिलाला हलतंय. अर्ध्या लोकांना तिकडे बोलावलंय, मला बोलावलंय, मी नाही म्हणून सांगितलं. क्वीन्सटाउनच्या त्या ऑफिसात मी पाच वर्षं बसले. खिडकीतून समोरच्या जुन्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात, बांबूंवर कपडे वाळत असतात. त्या कपड्यांची मला ऑफिसपेक्षा जास्त आठवण येईल.

मी काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तक्रारी वाचते, एवढंच म्हणाले होते. ठाण्यात आईला तर विम्यासारखंच काहीतरी असं सांगून ठेवलंय, कारण मुंबईत मी विम्याचे दावे तपासायचे आणि तिला तेवढं पुरतं. खरं असं की इंग्लंड-युरोपातली माणसं इंटरनेटवरच्या कॅसिनोत खेळतात, आणि त्यांचं नि कॅसिनोचं भांडण झालं की ती फाइल आमच्याकडे येते. दोन्ही बाजू वाचायच्या, नियम पाहायचे आणि निर्णय लिहायचा. पगार कॅसिनोंकडून येतो आणि निर्णय न्याय्य द्यायचा असतो. पहिल्या वर्षी मला हे जमतं असं वाटायचं. नंतर लक्षात आलं की अन्याय नियम मोडून होतच नाही, तो नियमातच नीट बसवलेला असतो. बोनस घेतला की तो अमुक पट खेळल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, आणि ते छापलेलं असतं कुठल्या तरी चौदाव्या कलमात. पैसे काढायला सांगितले की ते दोन-तीन दिवस अडकवून ठेवतात. यंत्राला त्याची काही गरज नसते. तेवढ्या दिवसांत माणसाचा धीर सुटावा आणि त्यानं ते परत खेळात टाकावेत, म्हणून ते असतं. बहुतेक जण टाकतात. मी अशा फाइली वाचल्या आहेत ज्यांत माणूस जिंकला होता, उठून चालला होता, आणि तरीही रिकाम्या हातानं घरी गेला. घरी गेला असं म्हणायचं एवढंच, तो घरातच बसलेला असतो.

आणि सगळ्यांत जुनी तक्रार ओळखपत्राची. माणूस खातं उघडतो तेव्हा तो कोण आहे हे कुणी विचारत नाही. महिनोन् महिने हरतो, कुणी विचारत नाही. ज्या दिवशी जिंकतो त्या दिवशी मात्र पासपोर्ट पाठवा, विजेचं बिल पाठवा, कार्डाचा फोटो पाठवा. मग कुणाच्या आडनावात फरक निघतो, कुणाचा पत्ता जुना असतो, आणि जिंकलेलं जप्त होतं. मी दर वेळी निर्णयाच्या खाली एक वाक्य लिहायचे, की ही तपासणी सुरुवातीलाच केली असती तर ही तक्रार उद्भवली नसती. अ‍ॅडेलीन, माझी वरिष्ठ, दर वेळी ते वाक्य वाचून म्हणायची, "क्षिप्रा, एव्हरी टाइम सेम लाइन, तू कंटाळत नाहीस का?" पण खोडायची नाही कधी. तिचंही माझ्यासारखंच होतं. दुपारी कोपीचा, इथल्या कॉफीचा, कप घेऊन यायची आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकायची.

तीन आठवड्यांपूर्वी श्रीनिवासनं माझ्याकडे एक फाइल ढकलली. श्रीनिवास चेन्नईचा. भारतातली कागदपत्रं आली की तो नि मी वाटून घेतो. म्हणाला, सरळ केस आहे, बघून फक्त सही कर. इंग्लंडमधली एक बाई. खातं एका नावानं, पुराव्याला पॅन कार्ड त्याच नावाचं. पण पासपोर्ट, विजेचं बिल आणि पैसे भरलेलं कार्ड, सगळं दुसऱ्याच नावाचं. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. कॅसिनोनं शेरा मारला होता, परक्या व्यक्तीची कागदपत्रं वापरून फसवणूक. जिंकलेलं जप्त, भरलेलंही जप्त. मोठं जिंकली होती ती बाई. तिच्या तक्रारीत रक्कम होती, पण ती शेवटी. सुरुवात अशी होती: दोन्ही मीच आहे. मी कुणाची कागदपत्रं चोरलेली नाहीत. हे माझ्या वडिलांच्या घराच्या वाट्याचे पैसे होते, मला ते होते तिथे परत ठेवायचे आहेत, नवऱ्यानं विचारायच्या आत.

ती बाई तू आहेस हे तुला हे वाचताना केव्हाच कळलं असेल. नावं पाहून मला शंका आली, पण खात्री पटली ती पॅन कार्डावरच्या फोटोवरून. आपण दोघींनी एकाच दिवशी काढला होता तो, स्टेशनसमोरच्या स्टुडिओत, आणि तुझ्या गळ्यात माझी ओढणी आहे, कारण तुझ्या ड्रेसवर शाई सांडली होती. मी ऑफिसात बसून त्या ओढणीकडे बघत राहिले. श्रीनिवासनं विचारलंही, "काय झालं, ओळखीची आहे का?" मी त्याला म्हटलं, थांब जरा, मला नीट वाचू दे.

नीट वाचायचं म्हणजे नियमाप्रमाणे आणखी कुठे कुठे शोधावं लागतं. या कंपनीचे वेगवेगळ्या नावांनी बरेच कॅसिनो आहेत. ज्यानं एका ठिकाणी मला आत घेऊ नका असं लिहून दिलं, त्याला बाकीच्या सगळ्या ठिकाणीही आत घ्यायचं नाही, असं कंपनीचं वचन आहे. त्या बंद केलेल्या नावांत कॅसिनोच्या माणसानं तुझं खात्यावरचं नाव शोधलं होतं, सुलेखा, आणि ते सापडलं नव्हतं. पासपोर्टवरचं नाव त्यानं शोधलंच नाही, त्याच्या दृष्टीनं ती भलतीच बाई होती. मी शोधलं. मीनल तिथे होती. मार्चपासून होती. तू त्यांच्या चॅटवर लिहिलेला शब्द न् शब्द तिथे होता. हे खातं कायमचं बंद करा. नंतर मी स्वतः येऊन मागितलं तरी मला आत घेऊ नका. समोरच्या पोरानं लिहिलं, नक्की, मॅडम, आणि आपला दिवस चांगला जावो. आणि पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीच्या दुसऱ्या कॅसिनोतून, तुझ्या त्याच ई-मेलवर, तुमची आठवण येते असा निरोप गेला, सोबत पंचवीस फुकट डाव.

इथे समुद्रकाठच्या मोठ्या कॅसिनोत शिरायचं तर आमच्यासारख्यांना दारातच पैसे भरावे लागतात, आणि घरच्यांनी अर्ज केला तर माणसाला तिथेच अडवतात. दाराशी एक माणूस उभा असतो आणि तो कार्ड बघून नाही म्हणतो. मला त्या माणसाचं नेहमी कौतुक वाटतं. तुझ्या दाराशी कुणी नव्हतं. फार तर एक यादी होती, आणि तू तुझ्याच दुसऱ्या नावानं तिच्या बाजूनं आत गेलीस. हे तू ठरवून केलंस की तुझ्या बाबांचे, काकांचे पैसे म्हणून आपोआप माहेरचं नाव टाइप झालं, ते मला माहीत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. तुझं तुलाही नीट माहीत नसेल.

त्या दिवशी मी जेवायला एकटीच गेले. अलेक्झांड्राच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि मी समोरचं जेवण गार होऊ दिलं. काय काय करता येईल ते अगदी स्वच्छ दिसत होतं. सही करून टाकायची, तर तू फसवणारी ठरतेस, सगळं जातं, आणि कुणाला काही कळत नाही. किंवा फक्त अर्धं सांगायचं, की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ही दोन नावं एकाच बाईची आहेत. मग कागदपत्रं जुळली असती आणि तू जिंकलेलं तुला मिळालं असतं, काकांचा वाटा भरून निघाला असता, निशिकांतला पत्ता लागला नसता. बंद केलेल्यांच्या यादीतली मीनल मीच शोधली होती. मी गप्प बसले असते तर ती पुन्हा कुणी शोधणार नव्हतं, ऑफिसच गुंडाळलं जातंय. आणि तिसरं म्हणजे पूर्ण सांगणं. बंद केलेल्या माणसाला आत घेतलं तर त्याचं जिंकलेलं रद्द होतं, पण त्यानं आत येऊन भरलेला पैसा कंपनीला परत द्यावा लागतो, कारण त्याला आत घ्यायचंच नव्हतं. आणि मग त्याची जी असतील ती सगळी नावं बंद होतात.

खोटं कशाला सांगू, मी बराच वेळ त्या अर्धं सांगण्याच्याच बाजूला होते. मनात वाक्यंही जुळवली होती. तुला घोळ न होता मिळू दे आणि मी मोकळी. मला थांबवलं ते नियमानं नाही. मला आपली मे महिन्यातली गच्ची आठवली. बदाम सात खेळायचो आपण चौघी-पाचजणी, आणि तू हरलीस तर खुशाल पत्ते टाकून उठायचीस, जेवायला जायचीस. जिंकलीस की मात्र उठायची नाहीस. काका खालून हाका मारून दमायचे. तुझं आपलं, आलेच बाबा, एवढा एक. मी तिथे टेबलाशी बसून तुझ्या खात्यावरचे महिने डोळ्यांसमोर आणले. फाइलीत ते सगळं असतं, कधी किती वेळ बसलीस ते. हरल्यावर तू आठ-आठ दिवस जात नव्हतीस. छोटंसं काही जिंकलीस की सकाळ-दुपार तिथेच. आणि हे एवढं मोठं तुझ्या हातात पडल्यावर तू ते काकांच्या वाट्याच्या जागी नेऊन ठेवशील असं मी स्वतःला कितीही सांगितलं तरी मला ते खरं वाटेना. पैसे मिळाल्यावर दोन दिवसांत पुन्हा आठवण येते असा निरोप आला असता. या वेळी तर दोन्ही नावांना आला असता.

परत येऊन मी अ‍ॅडेलीनला सांगितलं की ही बाई माझी मैत्रीण आहे. ती म्हणाली, "मग फाइलला हात लावायचा नाही, यू नो द रूल." मी म्हटलं, माहीत आहे, पण मला जे माहीत आहे ते लिहून देते, निर्णय तू दे. मग नावाचं सांगायला लागले तर तिच्या डोक्यात शिरेना. लग्नात आडनाव बदलतं ते तिला कळलं, पण पहिलं नाव? "नवऱ्यानं नवीन नाव दिलं? लाइक री-ब्रँडिंग आह? मग आधीची कुठे गेली?" मी सांगितलं, ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नाव लिहितो. ते नाव सासरी आधी ठरलेलं असतं. मी हिच्या मागे उभी राहून ते वाचलेलं आहे. तिनं विचारलं, तुझं नाही बदललं? माझंही ठरलं होतं, पण शैलेंद्रनं ताट पुढ्यात आल्यावर सरळ क्षिप्रा लिहिलं आणि सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, हे ऐकून ती इतकी हसली की श्रीनिवास उठून पाहायला आला. मग हसणं थांबलं आणि ती फाइलीकडे बघत म्हणाली, "म्हणजे ही बाई पहिल्यापासून दोघी आहे आणि आपली सिस्टिम फक्त एकीला ओळखते." मी तुझा आवाज आठवायचा प्रयत्न करत होते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आपण बोललोच नाही.

मी पानभर लिहून दिलं. लग्नाची पद्धत, दोन्ही नावं, मार्चमधलं तुझं चॅट, एप्रिलमधला त्यांचा निरोप. तो निरोप मी मुद्दाम सविस्तर लिहिला. फसवणूक म्हणायचंच झालं तर ती कुणी केली हे वाचणाऱ्याला दिसावं म्हणून. गुरुवारी अ‍ॅडेलीननं सही केली. निर्णयाचं ई-मेल तुला शुक्रवारी मिळालं असेल, पण ती भाषा मला ठाऊक आहे, म्हणून माझ्या भाषेत पुन्हा सांगते. तू फसवलेलं नाहीस, तो शेरा काढून टाकलाय. तुझ्या त्या एका वाक्याला, दोन्ही मीच आहे याला, उत्तर हो असं आहे. जिंकलेलं मिळणार नाही. दुसऱ्या खात्यात तू जे जे भरलंस ते सगळं परत मिळेल. त्याआधी मीनलच्या पहिल्या खात्यात गेलं ते गेलं, त्यावर आम्हाला काही करता आलं नाही. त्यामुळे काकांचा वाटा पुरा भरत नाही, अर्ध्याहून थोडा वर भरतो. आणि त्या कंपनीच्या एकाही दारातून यापुढे ना सुलेखाला आत घेतील ना मीनलला. ते मी केलं. तुला राग येईल. मला तो येऊ द्यायचा आहे, पण माझ्यावर येऊ दे, भलत्या कुणावर नको. इतर कंपन्या आहेत, त्यांची दारं उघडी आहेत, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. मी एक घर बंद केलं, सबंध गल्ली नाही.

हे पत्र मी लिहिणं करारात बसत नाही. अ‍ॅडेलीनला म्हटलं, मी तिला लिहिणार आहे. ती खुर्ची फिरवून खिडकीकडे बघत म्हणाली, "आय डिड नॉट हिअर एनीथिंग, ओके?" आणि मग जरा वेळानं, पाठ तशीच ठेवून, "कुरियरनं पाठव, पोस्ट स्लो आहे." कुरियर कशासाठी हे तिनं ओळखलं होतं, कारण पैसे परत देण्याचा नियम तिनंच मला शिकवला होता. पैसा ज्या कार्डावरून आला त्याच कार्डावर परत जातो. तुझं ते बँकेचं खातं तू उन्हाळ्यात बंद केलंस, फाइलीत तशी नोंद आहे. अशा वेळी कंपनी चेक काढते, पासपोर्टवरच्या नावानं, आणि तपासलेल्या पत्त्यावर पोस्टानं पाठवते, सोबत कशाचे पैसे आहेत त्याचं पत्रक जोडून. दोन आठवड्यांच्या आत तो लिफाफा तुमच्या घरी पडेल. मी दोनदा विचारलं, दुसरा काही मार्ग नाही. घरात आलेलं सगळं टपाल निशिकांत उघडतो, तुझ्या नावाचंही, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. म्हणून मी हे घरी न पाठवता तू काम करतेस त्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतेय, आणि म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं नाही. ठाण्यात घ्यायच्या जागेसाठी तो पैसा तसाच आहे असं निशिकांतला वाटतंय. त्याला ते त्या पत्रकावरून कळू नये. तुझ्याकडे थोडे दिवस आहेत, सुलेखा, ते मला तुला द्यायचे होते, म्हणून हे पत्र. जेवणं झाल्यावर सांग, तुझा लेक सौमित्र घरात नसताना सांग, मार्चमध्ये तू स्वतः दार बंद करायला सांगितलं होतंस इथपासून सांग. तो चिडेल, मग गप्प होईल, मग पुन्हा चिडेल. त्यानंतर तुला वाटलं तर मला फोन कर, कुठल्याही वेळी, आणि त्यालाही माझ्याशी बोलायचं असेल तर फोन त्याच्या हातात दे. मी काय ते त्याला सांगेन. पण आधी तू.

तुझीच,
क्षिप्रा